पाण्यावरची सरळ रेघ

४ सप्टेंबर, सोमवार

ही वही मी हौसेने घेतलेली नाही. काउंटीच्या प्रवेश कार्यालयातल्या मिसेस पेटिट यांनी सांगितलं म्हणून घेतली. मी त्यांना फोन करून विचारलं होतं, की मूल महिन्यातले अर्धे दिवस आईकडे आणि अर्धे दिवस आजोबांकडे राहत असेल तर शाळेच्या अर्जावर पत्ता कोणाचा धरतात. त्या म्हणाल्या, शाळेच्या आदल्या रात्री मूल जिथे जास्त वेळा झोपतं, तिथला. म्हणजे रविवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवार मोजत नाहीत. कालच्या रविवारपासून अर्जाच्या मुदतीच्या आधीच्या गुरुवारपर्यंत आठ आठवडे होतात, चाळीस रात्री. कुठली रात्र कुठे गेली ते रोज लिहा आणि शेवटी पानं आमच्याकडे पाठवा.

मी विचारलं, दुसरं काही लिहिलं तर चालेल का.

"वही तुमची आहे, मिस्टर गॅरड. आम्ही फक्त रात्री वाचू."

हेटी दहा वर्षांची आहे, पुढच्या सप्टेंबरात मोठ्या शाळेत जाईल. तिला बेलहॅमची शाळा हवी आहे, खाडीच्या पलीकडची. पुलावरून गेलं तर सतरा मैल. पण काउंटी अंतर मोजते ते दारापासून फाटकापर्यंत सरळ रेघेत, मधे काय आहे ते बघत नाही. आमच्या मधे फक्त पाणी आहे. माझ्या दारापासून ०.८७४ मैल. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या रोवेनाच्या, थॉर्नफील्डमधल्या फ्लॅटपासून अकरा मैल. बेलहॅममध्ये गेल्या वर्षी सर्वांत लांबून आलेलं मूल दोन मैलांच्या आतलं होतं.

रोवेना समुद्रातल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करणाऱ्या बोटीवर स्वयंपाक करते. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. हेटीची आत्ताची शाळा आमच्या गावातच आहे, म्हणून आई बोटीवर असली की ती माझ्याकडे. म्हणजे बरोबर निम्म्या रात्री. निम्म्याने भागत नाही. समसमान झालं तर आईचा पत्ता धरतात. मला एकवीस हव्यात.

काल: हेटी इथे. आज: हेटी इथे.


७ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी धुकं इतकं दाट होतं की धक्क्यावर उभं राहून मला माझीच होडी दिसेना. पलीकडून शाळेची घंटा मात्र स्पष्ट ऐकू आली, जणू कोणी पाण्याखाली वाजवत होतं. हेटी पायरीवर बसून टोस्ट खात होती.

"आजोबा, ती रेघ भरतीच्या वेळी भिजते का?"

मी म्हटलं, माहीत नाही, मिसेस पेटिटना विचारू.

"आणि ओहोटीला चिखलात उतरते का मग? उतरली तर लांब होईल ना."

घरात ती असं बोलते. बाहेर नाही. गावातल्या शाळेत तिच्या बाई म्हणतात, हेटी वर्गात चार शब्द बोलली तर आम्ही कॅलेंडरवर खूण करतो. थॉर्नफील्डच्या शाळेत सोळाशे मुलं आहेत. ती तिथे हरवेल असं मी म्हणत नाही. तिथे तिला कोणी शोधणार नाही, एवढंच म्हणतो.

रात्र: इथे. पाच झाल्या.


८ सप्टेंबर, शुक्रवार

मिसेस पेटिटना विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, रेघ नकाशावर काढलेली असते, त्यामुळे ती कायम कोरडी असते. हेटीला सांगितलं. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शुक्रवार. मोजायची नाही.


१९ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी रोवेना हेटीला घेऊन गेली. या आठवड्यात माझं पान कोरंच राहणार असं धरून बसलो होतो. पण आज दुपारी दोघी आल्या. रोवेनाने निळा, चांगला कोट घातला होता, तिच्या आईच्या अंत्यविधीला घातला होता तो. म्हणाली, डॅड, मला पलीकडे सोड, जरा काम आहे, आज रात्री हेटीला तुझ्याकडे राहू दे.

मी काही विचारलं नाही. वल्हवताना उतारूला प्रश्न विचारायचे नाहीत, हा माझा चाळीस वर्षांचा नियम आहे. ती मागच्या फळीवर बसून पलीकडच्या काठाकडे बघत होती. मधेच तिने विचारलं, बोटींच्या सामानाच्या दुकानावरच्या माळ्यावर ओल येते का रे हिवाळ्यात. मी म्हटलं, तिथे सगळ्यांच्याच घरात येते. "सगळ्यांच्यात म्हणजे किती?" तिचं काय जातं त्यात, मला कळलं नाही.

धक्क्यावर एक पांढरी व्हॅन उभी होती. कोण चालवत होतं ते दिसलं नाही. रोवेना तीत बसून गेली.

म्हणजे कोणीतरी आहे. चौतीस वर्षांची आहे ती, असायलाच हवं. हेटीसमोर हा विषय काढायचा नाही. हेटी दुर्बीण घेऊन खिडकीत बसली होती, पलीकडचं एक निळं दार बघत. म्हणाली, दारात जिरेनियमची कुंडी आहे, ती मेलेली आहे पण काढता येईल.

रात्र: इथे. हिशेबाबाहेरची एक मिळाली. अकरा.


२१ सप्टेंबर, गुरुवार

आज बेलहॅमच्या शाळेत पालकांना शाळा दाखवायची संध्याकाळ होती. तिघेही गेलो, होडीने. इतर पालक गाड्यांतून उतरत होते. हेटीच्या पायात चिखलाचे बूट होते.

प्रयोगशाळेत एक लांब काचेची टाकी आहे, तिच्यात खाडीचंच पाणी. एक यंत्र त्यात दिवसातून दोनदा भरती आणतं आणि ओहोटी करतं. शिक्षिका तरुण होत्या, केस पेन्सिलने वर खोचलेले. त्यांनी पालकांना नेहमीच्या प्रश्नांची नेहमीची उत्तरं दिली: सोळाव्या वर्षी परीक्षा कुठल्या, त्यांचे गुण आता एक ते नऊ आकड्यांत का देतात, गणवेशाचा कोट घ्यावाच लागतो का. हेटी टाकीपाशी उभी होती. मी आपला बाहेर कधी पडायचं ते बघत होतो.

"रविवारी यंत्र कोण चालू करतं?" हेटीने विचारलं.

पूर्ण वाक्य. परक्या माणसाला. शिक्षिका म्हणाल्या, कोणीच नाही, ते आपोआप चालतं, पण तू म्हणतेस ते खरं आहे, रविवारी ते बघायला कोणी नसतं. मग म्हणाल्या, हात घालायचा असेल तर घाल. हेटीने कोपरापर्यंत हात घातला आणि पाणी चढेपर्यंत तिथेच उभी राहिली. रोवेना दाराकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

परतताना पाणी आरशासारखं होतं. शाळेच्या खिडक्यांचे दिवे आमच्या मागे लांबत येत होते. हेटी वल्ह्याचे हात मोजत होती. दोनशे बारा.

रात्र: तिकडे.


२ ऑक्टोबर, सोमवार

रोवेना काल बोटीवर गेली. हेटी इथे. बारा, तेरा.

माझी नात मोठ्या शाळेत जाणार हे गावाला कळल्यापासून प्रत्येक उतारूला त्यातलं काहीतरी कळतं. एक म्हणाला, अर्जात तीन शाळांची नावं मागतात तरी एकच लिही, म्हणजे तुम्ही हटणार नाही हे त्यांना कळतं. मिसेस पेटिटना विचारलं. त्या म्हणाल्या, हे मला दर वर्षी दोनशे लोक विचारतात. एकच नाव लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर उरलेल्यांत जिथे जागा असेल तिथे मूल जातं. आणि हो, पहिली शाळा कुठली लिहिली ते शाळांना कळत नाही, कोणी रागावत नाही. तीन लिहा.

एक डच पर्यटक विचारत होता, तुमच्याकडे सर्वांत महाग खासगी शाळेला पब्लिक शाळा का म्हणतात. मी म्हटलं, चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी नाव दिलं आणि मग बदलायचा आळस केला. त्याने ते लिहून घेतलं. मला जरा वाईट वाटलं.


१२ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस वारं. बोट एक दिवस आधीच बंदरात आली. संध्याकाळी सहाला रोवेना दारात. हेटीचं जेवण ताटात होतं, मासा आणि वाटाणे. मी म्हटलं, आता कशाला नेतेस, उद्या शाळा इथेच आहे, दोघी इथेच झोपा. ती म्हणाली, डॅड, मला बारा दिवसांनी माझ्या मुलीला माझ्या घरी झोपवायचंय.

मासा मांजराला दिला.

रात्र: तिकडे. वीसच राहिल्या. पुढचे दोन आठवडे तिचे. वीस आणि वीस.


१८ ऑक्टोबर, बुधवार

रोवेनाला पुन्हा पलीकडे सोडलं. पुन्हा निळा कोट. हातात कागदांचं पाकीट. धक्क्यावर ती पांढरी व्हॅन. ही चौथी वेळ. माणूस असेल तर भलताच लाजाळू आहे, गाडीतून उतरतही नाही.

तिने विचारलं, हिवाळ्यात होडी बंद असताना तुला पलीकडे यायला आवडेल का, म्हणजे जेवायला वगैरे. मी म्हटलं, पलीकडे माझं कोण आहे. ती पाण्यात हात घालून बसली, लहानपणी बसायची तशी.


२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी जाग आली तेव्हा वरच्या खोलीत हेटीच्या पावलांचा आवाज येत होता. ती उठली की आधी खिडकीशी जाते, मग पलंगाशी, मग पुन्हा खिडकीशी. तीन पावलं, चार पावलं, तीन. ती खोली ऑलिव्हची, माझ्या बायकोची. ऑलिव्ह गेल्यावर चार वर्षं मी तिचं दार उघडलं नव्हतं, हेटीने उघडलं. मी खाली चहा ठेवला, दोन कप काढले, आणि वर हाक मारली. कोणी उत्तर दिलं नाही. बाहेर धुकं होतं, घंटा वाजत होती. दुसरा कप भरलेला तसाच राहिला.

पण आवाज मी ऐकला होता.

२५ ऑक्टोबर, बुधवार. रात्र: इथे. एकवीस.


२७ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचनालयातल्या यंत्रावर सगळ्या पानांच्या प्रती काढल्या. नुसत्या रात्रींची पानं निवडत बसायला धीर नव्हता, होती तशी सगळी पाठवली. होडीचा हंगामही परवा संपतो. पलीकडच्या धक्क्यावर खुंटीला पांढरी फळी टांगलेली असते. यायचं असेल त्याने ती उचलून डोक्यावर हलवायची, मग मी जातो. एका माणसाला एकदा, दोघांना दोनदा. दर वर्षी हंगाम संपला की ती काढून घरात आणतो. या वर्षी राहू दिली.


३१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्ज आईनेच भरायचा असतो. तिने माझ्या टेबलाशी बसून भरला. पहिलं नाव बेलहॅम. पत्त्याच्या रकान्यात माझं घर टाकताना तिने विचारलं, डॅड, नक्की एकवीस? माझ्या मोजण्यात वीस येतात. मी म्हटलं, तू बोटीवर असतेस, तुला काय कळणार.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टाकलं.


९ नोव्हेंबर, गुरुवार

गेले नऊ दिवस पाणी बघतो आहे. होडी उलटी करून ठेवली आहे, तळाला डांबर लावायचं आहे, लावलेलं नाही. ती रेघ मला आता दिसायला लागली आहे. दारातून निघते, धक्क्यावरून पाण्यावर जाते, मधे जिथे प्रवाह ओढतो तिथे जरा थरथरते. तिच्यावरून हेटी चालत असते, चिखलाचे बूट घालून. मागे वळून बघत नाही. आणि मला माहीत असतं की मधे एका ठिकाणी फळी नाही, मी ती नुसती रंगवलेली आहे.

सकाळी मिसेस पेटिटना फोन केला. म्हटलं, पंचवीस तारखेची रात्र खरी नाही. मूल इथे नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मी फक्त रात्री वाचीन म्हटलं होतं. सगळं वाचलं, माफ करा. पंचवीस तारखेच्या रात्रीची नोंद सव्वीस तारखेच्या पानात होती आणि दोन कप होते. मी तुमच्या फोनची वाट बघत होते."

"मग आता?"

"आता वीस-वीस. पत्ता आईचा."

अकरा मैल. मी विचारलं, हे हेटीला कोण सांगणार. त्या म्हणाल्या, पत्ता बदलला असेल तर आम्ही जानेवारीच्या मध्यापर्यंत नवा पत्ता धरतो, घराचा करार दाखवावा लागतो. आणि मग अशा आवाजात, जो त्या कामाच्या वेळी वापरत नसाव्यात, म्हणाल्या, "मिस्टर गॅरड, तुमची मुलगी चांगला कोट घालून ओल आलेल्या घरांची चौकशी का करते, ते तुम्ही तिला एकदा विचारा की."


१२ नोव्हेंबर, रविवार

विचारलं.

मला वाटलं होतं ती पत्त्यावरून चिडेल. चिडलीच. कार्यालयाचं पत्र तिलाही आलं होतं. म्हणाली, तू मला खोटं पाडलंस, माझ्या सहीच्या वर खोटं लिहवून घेतलंस, आणि तेही माझ्या मुलीच्या कामात. मी उभा होतो, टोपी हातात घेऊन, घरातच.

मग ती बसली. पलीकडे बोटींच्या सामानाच्या दुकानावरचं घर ती भाड्याने बघते आहे. निळं दार. व्हॅन त्या दुकानाच्या मालकीणबाईंची, मिसेस लेगेटची. त्या अजून हो म्हणत नाहीत. बंदराच्या कचेरीत बोटींच्या फेऱ्या आखायचं काम रोवेनाला मिळालं आहे, नव्या वर्षापासून. बोटीवर जायचं नाही.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू, डॅड? की तुझ्याकडच्या वीस रात्री मी काढून घेणार आहे?"

हेटी जिन्यावर बसली होती. तिला सगळं सप्टेंबरपासून माहीत होतं. दुर्बिणीतून ती नुसती मेलेली कुंडी बघत नव्हती, स्वतःची खोली बघत होती.

चार वेळा मी तिला स्वतः वल्हवत नेलं.


६ डिसेंबर, बुधवार

पलीकडे फळी हलली. हंगाम नाही, तरी. बघितलं तर मिसेस लेगेट, जाड शाल, रबरी बूट. होडी सरळ करून पाण्यात ढकलायला अर्धा तास गेला. त्यांना इकडे यायचंच नव्हतं. धक्क्यावरच उभ्या राहिल्या, मी होडीत.

त्यांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, वरचं घर गेल्या आठ वर्षांत तीन जणांना दिलं, तिघेही पहिल्या हिवाळ्यानंतर पळाले. तुमची मुलगी पोरीच्या शाळेसाठी घेते आहे. प्रवेश मिळाला की पुन्हा थॉर्नफील्डला जाईल, नाहीतर बोटीवर. लोक असं करतात, शाळेपुरतं घर.

"तुम्ही तिचे वडील. तुम्हीच सांगा, क्लेमेंट. टिकेल का ती इथे?"

ओहोटी लागली होती. होडी धक्क्यापासून सुटू पाहत होती आणि मी एका वल्ह्याने तिला धरून ठेवत होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की सांगता येत नाही. ते खोटंही नव्हतं. बोटीवर गेली तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं. मी तसं म्हटलं असतं तर घर गेलं असतं, रोवेना बोटीवरच राहिली असती आणि हेटी वर्षभर तरी माझ्याकडेच राहिली असती, निम्म्या रात्री, ऑलिव्हच्या खोलीत, तीन पावलं, चार पावलं, तीन. शाळा थॉर्नफील्डची असती, पण रात्री माझ्या असत्या.

मी म्हटलं, लहानपणी ती या खाडीच्या मधोमध होडीतून पडली होती. बाहेर काढली तर रडली नाही, पहिल्यांदा काय म्हणाली माहीत आहे, माझं वल्हं कुठाय. टिकेल.

मिसेस लेगेटनी फळी खुंटीला नीट अडकवली. म्हणाल्या, ओल फार आहे, ते मात्र तिला सांगा. मी म्हटलं, ते मी सप्टेंबरातच सांगितलंय.

परत येताना हात मोजले. दोनशे तीस. म्हातारा झालो, किंवा प्रवाह उलटा होता.


११ जानेवारी, गुरुवार

करार झाला. रोवेनाने तो कार्यालयात पाठवला, मुदतीच्या आत. नव्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत ०.२१३ मैल. मधे पाणी नाही. मिसेस पेटिटनी पोच दिली. मला वेगळा फोन करायचं त्यांना काही कारण नव्हतं, तरी केला. म्हणाल्या, वही बंद केली नाहीत ना.


१० फेब्रुवारी, शनिवार

सामान गेलं. पुलावरून, पांढऱ्या व्हॅनमधून. हेटी होडीने गेली, मांडीवर दुर्बीण. अर्ध्या वाटेत म्हणाली, आजोबा, हात उलटे मोज, म्हणजे पोचल्यावर शून्य येईल. मोजले. शून्य आलं तेव्हा धक्का अजून चार हात लांब होता. ती म्हणाली, हे चार जास्तीचे, ठेव तुझ्याकडे.

जिरेनियमची मेलेली कुंडी तिनेच काढली.


१४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो. दुकानावरच्या घरात दिवा. आधी एका खिडकीत, मग दुसऱ्या. इतकी वर्षं तो काठ बघतो आहे, तिथे दिवे होतेच. त्यांतला एक कुणाचा आहे हे कळलं की बाकीचे मागे सरतात.

आज रात्र कुठे ते लिहायची गरज नाही. तरी: तिकडे.


१ मार्च, शुक्रवार

आज साऱ्या देशातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शाळा कळणार. निरोप पालकांच्या फोनवर येतो, सकाळी. माझ्याकडे येणार नाही, माझ्या पत्त्याचा आता कोणाशी संबंध नाही. मी चहा केला. एक कप.

धुकं होतं, पण वरून पांढरं, विरळ, मधेच फाटणारं. घंटा वाजली. मग धुक्याला एक भोक पडलं आणि त्यातून पलीकडचा धक्का दिसला, फळीसकट. फळी हलत होती. एकदा नाही, दोनदा नाही. हलतच होती. किती माणसं असतील ते कळायला मार्ग नव्हता.

कोट न घालताच निघालो. मधे धुकं पुन्हा बंद झालं आणि मला दोन्ही काठ दिसेनासे झाले. डावं-उजवं कळेना. मग समोरून आवाज आला, परक्या माणसालाही ऐकू जाईल इतका मोठा.

"आजोबा, सरळ. सरळच ये."

आवाजावर वल्हवत गेलो. धक्क्यावर ती एकटीच होती, रात्रीचे कपडे आणि त्यावर आईचा निळा कोट, बाह्या गुडघ्यांपर्यंत. फळी तिच्याहून उंच. म्हणाली, मिळाली. बेलहॅम. नंतर म्हणाली, रविवारी मी ते यंत्र बघायला जाणार आहे, बाईंना विचारणार आहे, त्या नाही म्हणणार नाहीत.

मी म्हटलं, आई कुठाय. आई वर होती, खिडकीत, हात हलवत. होडीत एक पिशवी आपटली. मी विचारलं, हे काय. तिने दुसरा पाय होडीत टाकला.

"आज शुक्रवार आहे, आजोबा. शुक्रवार मोजत नाहीत."

येताना ती बोलत होती आणि मी हात मोजायला विसरलो.

रात्र: इथे.